नव्या माउंटन बायकरची पहिली खरेदी : काटकसर कुठे चालते आणि कुठे अंगाशी येते

स्वस्त वस्तू दोन तऱ्हांनी फसवते. काही वस्तूंचा हिणकसपणा घरातच उघड होतो : जर्सीची शिवण उसवते, बाटलीचे झाकण गळते, आणि आपण ती वस्तू बदलून मोकळे होतो. काही वस्तू मात्र गरज पडेपर्यंत अगदी ठीक दिसतात. गुडघ्याचे पॅड नेमके पडण्याच्या वेळी घसरून पोटरीवर आलेले असते, किंवा रस्त्यापासून दूर कुठेतरी पंक्चर झाल्यावर कळते की पंपाच्या तोंडातून सगळी हवा बाहेरच निसटते आहे. मर्यादित पैशांत सामान घेणाऱ्या नवशिक्याने हाच भेद कसोटी म्हणून वापरावा असे माझे मत आहे, आणि पुढचे परीक्षण त्याच कसोटीवर केले आहे. वजनातील थोडाफार फरक, रंगसंगती आणि शर्यतीतील सेकंद यांचा विचार मी जवळजवळ केलेला नाही.

सुरुवात अर्थातच हेल्मेटपासून करावी लागते, आणि येथे कमी खर्च करणाऱ्याला दिलासा आहे. युरोपात ईएन १०७८ हे मानक आहे, तर अमेरिकेत सीपीएससी या ग्राहकवस्तूंची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे मानक १९९९ पासून सायकलच्या प्रत्येक हेल्मेटला बंधनकारक आहे. या अमेरिकी चाचणीत हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके २ मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर सोडतात, आणि डोक्याला बसणारा धक्का ३०० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पटीच्या, वर जाता कामा नये अशी अट असते. सर्वांत साधे हेल्मेट आणि सर्वांत महागडे हेल्मेट, दोघांनाही हीच परीक्षा द्यावी लागते. म्हणून जास्तीचे पैसे बहुतांशी खेळत्या हवेसाठी, हलकेपणासाठी आणि मागच्या पट्ट्याच्या सफाईदार समायोजनासाठी जातात. आतल्या बाजूला मानकाचा शिक्का नसेल तर मात्र ते हेल्मेट कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे.

ही परीक्षा सरळ धक्का मोजते. डोके तिरके आपटून गरकन वळते तेव्हा मेंदूला बसणारा हिसका ती मोजत नाही. त्यासाठी मिप्स या स्वीडिश कंपनीने हेल्मेटच्या आत एक पातळ, निसटता थर बसवण्याची युक्ती काढली. आघाताच्या क्षणी तो १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि वळणाचा काही भाग स्वतःवर घेतो. हा थर आता मध्यम किमतीच्या पुष्कळ हेल्मेटमध्ये मिळतो. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाची प्रयोगशाळा २०१८ पासून सायकल हेल्मेटना तारांकन देत आली आहे आणि तिच्या चाचण्यांत तिरक्या आघाताचाही विचार होतो. त्या यादीत पाच तारे मिळवणारी हेल्मेट केवळ महागड्या रांगेतली नसतात, हे खरेदीपूर्वी आवर्जून पाहण्याजोगे आहे. थोडे अधिक पैसे खर्च करायचेच असतील, तर ते कार्बन किंवा वायुगतिकीच्या नावाखाली न जाता येथे जावेत.

डोंगरवाटेसाठीचे हेल्मेट रस्त्यावरच्या हेल्मेटपेक्षा डोक्याच्या मागे अधिक खाली उतरलेले असते आणि त्याला पुढे छज्जा असतो. छज्जा असला-नसला तरी चालते, पण मागची बाजू झाकलेली हवीच. माप बरोबर आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे : पट्टे न लावता, केवळ हेल्मेटच्या मागचे आवळण्याचे छोटे चाक फिरवून डोके खाली झुकवावे आणि हलवावे, हेल्मेट जागचे हलता कामा नये, आणि कपाळावर त्याची कड भुवईच्या वर दोन बोटांपेक्षा अधिक उंच असू नये. वापरलेले हेल्मेट कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. आतला फोम एकदा दबला की पूर्ववत होत नाही, आणि वरच्या कवचावरून ते कळेलच असे नाही. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट उतारांच्या शर्यतीसाठी आणि बाइक पार्कसाठी आहे. साध्या वाटेवर चढ चढताना ते इतके तापते की माणूस ते डोक्यावरून काढून बॅगेला अडकवतो, आणि मग त्याचा उपयोग शून्य.

डोळ्यांसाठीची शिफारस अनेकांना खटकेल. सायकलस्वारांसाठीचे नामांकित चष्मे बाजूला ठेवून, कारखान्यांत वापरतात तो पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक काचांचा सुरक्षा-चष्मा घ्यावा, ज्यावर एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ अशी खूण असते. तो उडत्या खड्यापासून डोळा वाचवण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याची किंमत नगण्य असते. त्यावर लवकर ओरखडे पडतात, हा त्याचा खरा दोष. गडद काचांचा मोह मात्र टाळावा, कारण उन्हातून झाडांच्या सावलीत शिरताच मुळे आणि दगड दिसेनासे होतात.

हातमोजे पूर्ण बोटांचे आणि तळव्याला पातळ असलेले घ्यावेत. जेलच्या जाड गाद्यांनी हँडल जाड वाटते, पकड घट्ट ठेवावी लागते आणि हाताचे पंजे उलट लवकर थकतात. यापलीकडे या विषयात फारसे काही नाही.

गुडघ्याच्या पॅडकडे मात्र नवशिके दुर्लक्ष करतात, आणि जे करत नाहीत ते बहुधा चुकीचे पॅड घेतात. सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे बाहेर कडक प्लॅस्टिकची वाटी आणि मागे दोन वेल्क्रो पट्ट्या. उभे राहून घातले की हे पॅड भक्कम वाटते, पण पेडल मारताना गुडघा प्रत्येक फेरीत वाकतो आणि थोड्याच वेळात वाटी खाली उतरते. त्याऐवजी मोज्यासारखे चढवायचे, आत मऊ आघातशोषक तुकडा असलेले पॅड निवडावे. डी३ओसारखे पदार्थ हळू दाबल्यास लवचीक राहतात आणि अचानक आपटल्यास घट्ट होतात, त्यामुळे चालवताना अडचण होत नाही. पॅडवर ईएन १६२१-१ ही खूण शोधावी. हे मानक मुळात मोटारसायकलस्वारांसाठीचे आहे. ५० ज्यूल ऊर्जेच्या आघातात पलीकडे पोचणारे बल पहिल्या पातळीसाठी सरासरी ३५ किलोन्यूटन आणि दुसऱ्या पातळीसाठी २० किलोन्यूटन यांच्या आत राहावे लागते. साध्या डोंगरवाटेला पहिली पातळी पुरे. दुकानातच पॅड घालून पुष्कळ उठाबशा काढाव्यात. विक्रेता हसला तरी हरकत नाही, कारण घसरणारे पॅड ओळखण्याचा याहून भरवशाचा उपाय मला माहीत नाही. दोन मापांत अडचण झाली तर लहान माप घ्यावे. कोपराची पॅड मात्र पहिल्या खरेदीत नसली तरी चालते.

नव्या सायकलबरोबर येणारी पेडल बहुधा गुळगुळीत प्लॅस्टिकची असतात आणि ओल्या बुटाखाली साबणासारखी निसटतात. कमी पैशांत सायकलीचा स्वभाव सर्वाधिक बदलणारा सुटा भाग कोणता, असे विचारले तर मी निःशंकपणे सपाट पेडल असे सांगेन. नायलॉन-कंपोझिटचे अंग, क्रोमोली पोलादाचा आस आणि बदलता येणाऱ्या धातूच्या पिना अशी रचना पाहावी. रेसफेस कंपनीचे चेस्टर हे या वर्गातले प्रसिद्ध उदाहरण आहे. ॲल्युमिनियमची पेडल अधिक पातळ असतात आणि त्यांच्या पिना अधिक धारदार असू शकतात, पण खडकावर घासल्यावर नायलॉन सरकून जाते, तर धातू अडकण्याचा संभव जास्त. साच्यातच ओतलेल्या प्लॅस्टिकच्या पिना असलेली पेडल घेऊ नयेत, कारण त्या झिजल्या की पेडलच टाकून द्यावे लागते. बसवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय पोलादी आस ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये (पेडल ज्याला जोडतात त्या दांड्यात) घालू नये, नाहीतर पुढे तो निघता निघत नाही.

बूट पेडलमध्ये अडकवण्याची पद्धत, जिला शिमानोने १९९० साली एसपीडीच्या रूपाने डोंगरवाटेवर रुजवले, ती उत्तम आहे. मात्र तोल जाताच पाय खाली टेकवण्याची सवय अंगवळणी पडेपर्यंत तिच्यासाठी थांबणे बरे. सपाट पेडलवर बुटाचा तळ सपाट आणि मऊ रबराचा हवा. फाइव्ह टेनचे फ्रीरायडर हे बूट या बाबतीत प्रमाण मानले जातात, कारण कड्यांवर चढणाऱ्यांच्या बुटांसाठी घडवलेले रबर त्यांच्या तळाला असते. ते परवडत नसतील तर स्केटबोर्डवाल्यांचे सपाट तळाचे बूट सुरुवातीला पुष्कळ अंशी तेच काम करतात. धावण्याचे बूट मात्र चालणार नाहीत : त्यांच्या तळाच्या खाचांत पिना नीट बसत नाहीत आणि मऊ, उंच टाच पेडलभोवती वाकून पाय थकवते.

कपड्यांवर सर्वांत कमी खर्च करावा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर रिपॅक ही शर्यत सुरू झाली, तेव्हा स्पर्धक जीन्स आणि कामाचे जाड बूट घालून जुन्या, जड सायकली खाली सोडत. (उतरताना मागच्या हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून ते नाव.) घाम लवकर वाळणारा कोणताही सदरा आणि कोणतीही सैल अर्धी विजार पुरते. अपवाद फक्त आत घालायच्या गादीदार चड्डीचा, आणि ती नेहमीच्या अंतर्वस्त्रावर न घालता थेट अंगावर घालायची असते. अन्यथा शिवणी घासतात आणि दोष बिचाऱ्या सीटला मिळतो.

आता अशा सामानाकडे वळू, ज्याच्या बाबतीत काटकसर गुपचूप दगा देते : वाटेवरची दुरुस्ती. जादा ट्यूब घेताना टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचावा. २९ इंची चाकाला ६२२, २७.५ इंचीला ५८४ आणि २६ इंचीला ५५९ हा आकडा असतो. व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक, हेही पाहावे. टायर ट्यूबलेस असला तरी ट्यूब जवळ हवीच, कारण टायरची बाजू फाटली तर आतले सीलंट ती मोठी चीर बुजवू शकत नाही. टायर काढण्याचे दोन प्लॅस्टिक लिव्हर स्वस्त असले तरी चालतील. पंप मात्र विचारपूर्वक निवडावा. रस्त्याच्या सायकलींसाठीचे बारीक पंप मोठा दाब देतात, पण प्रत्येक दट्ट्याला हवा थोडीच ढकलतात. रुंद टायरला दाब कमी आणि हवा पुष्कळ लागते, म्हणून जाड नळीचा, जास्त हवा ढकलणारा पंप घ्यावा. त्याला लहानशी रबरी नळी असेल तर भरताना व्हॉल्व्ह वाकून तुटण्याची भीती उरत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या नवशिक्याला सुचवाव्याशा वाटत नाहीत : एक चूक झाली की कुपी रिकामी, आणि भरलेला वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो.

पंपाइतकाच महत्त्वाचा, पण क्वचितच कोणी सुचवतो तो कमी दाब मोजणारा स्वतंत्र मापक. डोंगरवाटेवरच्या टायरमध्ये स्वाराच्या वजनानुसार साधारण २० ते ३० पीएसआय हवा असते. घरातल्या उभ्या पंपाची तबकडी बहुधा १६० पर्यंतची असते आणि तिच्या तळाशी २२ व २७ यांतला फरक वाचताच येत नाही, जरी पकड आणि आराम त्या फरकावरच अवलंबून असले तरी. टायर बदलण्याआधी हा मापक घ्यावा. कित्येकदा टायर बदलण्याची गरजच उरत नाही.

मल्टी-टूलमध्ये ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, डिस्क ब्रेकच्या बोल्टसाठी टी२५ ही ताऱ्याच्या आकाराची की आणि चेन तोडण्याचे साधन, एवढे असले की पुरे. तीस कामांची यादी छापलेली साधने टाळावीत, कारण त्यांच्या आखूड दांड्यांनी जोर लागत नाही. हलक्या पोलादाची की बोल्टचे तोंड गोल करून ठेवते, आणि तो बोल्ट काढण्याचा खर्च चांगल्या साधनापेक्षा जास्त येतो. सोबत सायकलीच्या गिअरसंख्येशी जुळणारी चेनची जोडकडी ठेवावी. त्याहून महत्त्वाचा म्हणजे जादा डिरेलर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे दगडाला आपटल्यावर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. हा तुकडा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असू शकतो आणि ऐनवेळी मिळत नाही. स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या सार्वत्रिक हँगरने ही अडचण कमी केली, तरी अनेक फ्रेम अजून आपापले हँगर वापरतात. म्हणून सायकल घेतानाच एक जादा मागून घ्यावा.

पाण्यासाठी पाठीवरची खास पिशवी सोयीची असली तरी पहिल्या दिवसापासून लागत नाही; फ्रेमवरची बाटली चालते, फक्त तिच्या तोंडावर चिखल उडतो म्हणून झाकणाची बाटली घ्यावी. दुरुस्तीचे सामान साध्या पाठपिशवीत न्यायचे असेल, तर तिला छातीवरचा पट्टा असावा, नाहीतर उतारावर ती डोक्यावर येते.

सीटखाली बांधायच्या पिशवीत सगळे भरून विकले जाणारे तयार संच दिसायला किफायतशीर असतात. त्यांतील लिव्हर बरे असतात. गोंदाशिवाय चिकटणारे पॅच घरी पोचण्यापुरते टिकतात, पण कायमच्या दुरुस्तीसाठी गोंदाचेच पॅच लागतात. पंप बहुधा बारीक असतो आणि की नरम. संच कोणी भेट दिलाच, तर पिशवी व लिव्हर ठेवून घ्यावेत आणि आतला पंप व की यांच्या जागी वर सांगितलेली साधने भरावीत.