लायब्ररीतलं मोफत टॅक्स सेंटर: डीडीचा आकडा मला तिथे कळला

न्यू जर्सीत येऊन बारा वर्षं झाली, तरी डब्ल्यू-टू (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) हातात पडला की दरवर्षी माझ्या पोटात गोळा यायचा. मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदाच आमच्या गावच्या लायब्ररीतल्या व्हिटा सेंटरवर गेले. व्हिटा म्हणजे आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, मोफत टॅक्स भरून देण्याचा उपक्रम. त्या वर्षी उत्पन्नाची मर्यादा साधारण ६७,००० डॉलर होती. मी डेकेअरमध्ये काम करते, घरात मी आणि मुलगी, त्यामुळे त्यात आरामात बसले.

माझी भीती होती त्या फॉर्मवरच्या बॉक्स १२ ची. तिथे ‘डीडी’ असं लिहून पुढे १५,९६०. बॉक्स १ मध्ये पगार ३८,४१२. म्हणजे दोन्ही मिळून चौपन्न हजारांवर टॅक्स लागणार की काय? त्याच्या आदल्या वर्षी एका दुकानात १८० डॉलर मोजून रिटर्न भरलं, तेव्हाही हेच विचारलं होतं. “त्याकडे लक्ष देऊ नका,” एवढंच उत्तर मिळालं. लक्ष कसं देणार नाही? एवढा मोठा आकडा माझ्या नावावर छापलाय!

व्हिटा सेंटरवर माझ्यासमोर सत्तरीच्या एक बाई होत्या. या स्वयंसेवकांना आयआरएसची परीक्षा पास व्हावी लागते. त्यांनी आधी माझी डिसेंबरची शेवटची पे-स्टब (पगाराची पावती) मागितली. हेल्थ इन्शुरन्सचे दर पंधरवड्याला १२० डॉलर कापलेले. पेन्सिलीने कागदावर मांडलं: १२० गुणिले २६, म्हणजे ३,१२०. हे पैसे टॅक्स लागायच्या आधीच पगारातून जातात, म्हणून बॉक्स १, ३ आणि ५ मध्ये (म्हणजे इन्कम टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी धरलेल्या पगारात) ते धरलेलेच नाहीत. डीडी म्हणजे विम्याची पूर्ण किंमत, माझा वाटा आणि मालकाचा वाटा मिळून. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे तो आकडा फक्त माहितीसाठी छापतात, त्यावर कर नाही. मग त्यांनी १५,९६० मधून ३,१२० वजा केले आणि उरलेल्या आकड्याखाली रेघ मारली. १२,८४०. एवढे पैसे वर्षभर डेकेअर आमच्या दोघींसाठी भरत होतं, आणि मला पत्ताच नव्हता. मी त्या रेघेकडे बघतच राहिले.

पुढची गोष्ट न्यू जर्सीकरांनी नीट वाचा. माझ्या बॉक्स १६ मध्ये, म्हणजे राज्याच्या पगारात, ४१,५३२ होते. मला वाटलं ऑफिसने चूक केली. चूक नव्हती. आपलं राज्य विम्याच्या हप्त्याची ती करसवलत मानत नाही, म्हणून तेच ३,१२० इथे पगारात धरलेले असतात. पण राज्याच्या रिटर्नमध्ये वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेला की वरची रक्कम वजा होते, आणि हा हप्ताही त्यात धरता येतो. माझे २ टक्के, म्हणजे ८३१, सोडून ३,१२० पैकी २,२८९ वजा झाले. टॅक्स चाळीसेक डॉलरच वाचला, पण आदल्या वर्षी ती ओळ कोरी सोडली होती, याचं मला फार वाईट वाटलं. डीडीचा आकडा मात्र त्या ओळीत चुकूनही घालू नका, मालकाने भरलेला पैसा आपला खर्च नाही.

वेळ लागतो. मला दोन तास दहा मिनिटं लागली, कारण भरलेलं रिटर्न दुसरा स्वयंसेवक पहिल्यापासून तपासतो. मला ते आवडलं. अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घ्या. फोटो आयडी, घरातल्या सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं, मागचं रिटर्न आणि बँकेचा नंबर बरोबर न्या. नवरा-बायको एकत्र भरणार असाल तर दोघांनाही जावं लागतं. आणि वर्षाची शेवटची पे-स्टब, ती तर न्याच.

पेन्सिलीचा तो कागद बाईंनी मला घरी नेऊ दिला. त्या वर्षीच्या फाइलमध्ये तो सगळ्यात वर लावलाय.