गिअरबॉक्स बदलला, आता शाफ्टचं काय? कापावा, नवा करावा की दुसऱ्या गाडीचा बसवावा

जुन्या गाडीत ओव्हरड्राइव्हचा (म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरवणारा) गिअरबॉक्स बसवायचं ठरलं की सगळं डोकं क्लच, बेलहाउसिंग आणि मागच्या माउंटिंगमध्ये अडकतं. शेवटी एकदाचा बॉक्स जागेवर चढतो, आणि तेव्हा लक्षात येतं की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या धुऱ्याकडे नेणारी फिरती नळी, चार बोटं लांब पडतोय, नाहीतर वीतभर तोकडा. मग तीन पर्याय उरतात: आहे तो कापून घेणं, नवा बनवून घेणं, किंवा भंगारातून मापाचा शोधणं. माझं मत आधीच सांगतो. शाफ्ट आखूड करायचा आहे आणि नळी सरळ, बिनठोक्याची आहे, तर आपलाच कापावा. लांब करायचा असेल तर तुकडा जोडण्याच्या भानगडीत पडू नये.

बॉक्स अजून विकत घेतला नसेल तर चौथा पर्यायही आहे: शाफ्टला हात न लावणं. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत टीएच३५० गिअरबॉक्स (सहा इंची टेलचा; टेल म्हणजे बॉक्सचं मागचं टोक) काढून ओव्हरड्राइव्हचा २००-४आर बसवला तर लांबी तीच राहते आणि २७ स्प्लाइनचा (म्हणजे खाचांचा) योकही, शाफ्टच्या टोकाचा दोन कानांचा तुकडा, तोच चालतो. बदलते ती माउंटिंगची जागा. त्याऐवजी ७००आर४ घेतला, तर तो साधारण तीन इंच लांब, म्हणजे शाफ्ट तेवढा कापणं आलंच. फोर्डमध्ये सी४ आणि टी५ हे बॉक्स दोन्ही २८ स्प्लाइनचे, सी६ मात्र ३१चा. बॉक्सची किंमत विचारताना टेलची लांबी आणि स्प्लाइन विचारून ठेवल्या तर पुढचं निम्मं काम वाचतं.

आता कापण्याचं. हे काम करवत आणि वेल्डिंग मशीन एवढ्यावर होत नाही. शाफ्ट लेथवर चढवून टोकाच्या योकचं जुनं वेल्डिंग खरवडून काढतात, योक ठोकून बाहेर घेतात, नळी मापाला कापतात आणि योक पुन्हा घट्ट दाबून बसवतात. मग डायल गेज लावून शाफ्ट हळूहळू फिरवतात. सुई पाव मिलिमीटरच्या आत खेळली तर वेल्डिंगचे टाके, नाहीतर योकला हलके ठोके देत पुन्हा तीच कसरत. पूर्ण वेल्डिंग त्यानंतर, आणि शेवटी बॅलन्सिंग. काही जुन्या शाफ्टमध्ये आवाज दाबायला पुठ्ठ्याची नळी घातलेली असते. माझ्या शाफ्टमधून वेल्डिंग करताना धूर निघायला लागला तेव्हा कारागीर हसत होता, मला घाम फुटला होता.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत हवेत. योकच्या कानांत बसणारा क्रॉस (अधिक चिन्हाच्या आकाराचा सांधा) कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार खोडून काढतो, पण कान जुळलेले असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. कापण्याआधी नळीवर आणि योकवर एका ओळीत पंचच्या खुणा करून द्या. खडूची खूण पुसली जाते.

नव्या शाफ्टला खर्च जास्त, पण काही ठिकाणी तोच हवा. जुन्या नळीला ठोका असेल, गंजाने खड्डे पडले असतील, किंवा आत रबर घातलेली दुहेरी नळी असेल, तर कापायला जाऊ नका. इंजिनची ताकद बरीच वाढली असेल तरही नवाच, कारण मग क्रॉसही मोठा लागतो. स्पायसर कंपनीच्या १३१० मालिकेतल्या क्रॉसची टोपी २७ मिमीची, १३५० मालिकेतली ३० मिमीहून थोडी जास्त. बॉक्सकडे एक मालिका आणि मागच्या धुऱ्याकडे दुसरी आली तर जोडणारे मिश्र क्रॉस मिळतात, त्यासाठी अख्खा शाफ्ट बदलू नका.

क्रिटिकल स्पीडचा, म्हणजे शाफ्टच्या फिरण्याच्या वेगमर्यादेचा, विचार लांबीवरून करा. शाफ्ट एका ठरावीक वेगाला दोरीउड्यांच्या दोरीसारखा मध्ये फुगू पाहतो. लांबी १० टक्के घटली तर ही मर्यादा सुमारे २३ टक्के वर जाते, १० टक्के वाढली तर सुमारे १७ टक्के खाली येते. म्हणूनच कापलेला शाफ्ट सहसा त्रास देत नाही आणि लांब केलेला देतो. नुसत्या ओव्हरड्राइव्हने त्याच रस्त्याच्या वेगाला शाफ्ट जोरात फिरत नाही, फिरतं ते इंजिन हळू. पण ओव्हरड्राइव्ह आला म्हणून मागच्या धुऱ्यातला ३.०८चा डिफरन्शियल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.०८ फेऱ्या) काढून ३.७३चा घातलात, तर शाफ्ट २१ टक्के जास्त फिरणार. अशा गाडीला जाड व्यासाची नवी नळी. ॲल्युमिनियमने वजन घटतं, पण त्याच व्यासात ही मर्यादा वाढत नाही. फायदा मोठ्या व्यासाचा असतो, आणि तो गाडीच्या तळाच्या बोगद्यात मावला पाहिजे.

भंगारातला शाफ्ट स्वस्त दिसतो. लांबी, स्प्लाइन, क्रॉस आणि मागचं फ्लँज अशा चारही गोष्टी जुळल्या तर घ्या. तीन जुळून एक राहिली की लेथ, क्रॉस, बॅलन्सिंग करत तो नव्याच्या किमतीला जातो. मी दोनदा या मोहात पडलो.

पर्याय कोणताही घ्या, माप मात्र बॉक्स पक्का बसल्यावर, गाडी चारही चाकांवर उभी असताना घ्यायचं. बॉक्सचा आउटपुट आणि मागच्या धुऱ्यातला पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो दांडा) समांतर हवेत, प्रत्येक क्रॉसचा कोन १ ते ३ अंश. अगदी शून्यही नको, कारण क्रॉसमधल्या सुया फिरल्या नाहीत तर एकाच जागी घर करतात. स्लिप योक (बॉक्सच्या टेलमध्ये आतबाहेर सरकणारा योक) आत टेकेपर्यंत सरकवा, तिथून २० ते २५ मिमी मागे ओढा आणि क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पहिल्या गाडीला मी जॅकवर, मागचा धुरा लोंबत असताना माप घेतलं होतं. चाकांवर उतरवल्यावर योक आत टेकायला जेमतेम ६ मिमी शिल्लक होते. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात खालून ठक्क आवाज, आणि काही दिवसांत टेलच्या सीलमधून तेल. तोच शाफ्ट पुन्हा लेथवर गेला, यावेळी २० मिमीसाठी.

आता मी काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवतो, मग शाफ्ट उतरवून योक पाहतो. सील जिथे घासतं तिथे चकचकीत पट्टा उमटलेला असतो. त्या पट्ट्याच्या पुढे, क्रॉसच्या बाजूला, बोटभर कोरी जागा दिसली की शाफ्ट परत चढवतो आणि हात धुतो.