बुडापेस्टचे पाच जणांचे एक तिकीट : चार मैत्रिणींच्या तीन दिवसांचा हिशेब

म्युनिकमध्ये शिकणाऱ्या आम्ही चार मैत्रिणी २०२४ च्या एप्रिलमध्ये शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस बुडापेस्टला जाऊन आलो. दोघी पुण्याच्या, एक कोल्हापूरची आणि एक नांदेडची. चौघींचाही महिन्याचा खर्च ठरलेला असल्यामुळे जाण्यापूर्वी प्रत्येक रकमेची चर्चा झाली होती. हंगेरी २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे जर्मनीचा निवास परवाना असलेल्या आम्हा विद्यार्थिनींना वेगळा व्हिसा लागला नाही. जाण्यायेण्यासाठी रात्रीची बस घेतल्याने दोन रात्रींच्या मुक्कामाचे पैसेही वाचले. तरीही या सहलीत ज्या एका गोष्टीमुळे आमचा खर्च आटोक्यात राहिला, ती म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे, म्हणजे बीकेकेचे, चोवीस तासांचे सामूहिक तिकीट. हे परीक्षण त्या तिकिटाचे आहे.

बुडापेस्टला जाणारे बहुतेक प्रवासी ७२ तासांचे वैयक्तिक तिकीट घेतात. आम्ही गेलो तेव्हा त्याची किंमत ५,५०० फोरिंट (हंगेरीचे चलन) होती आणि एका युरोला साधारण ३९० फोरिंट मिळत होते. सामूहिक तिकिटावर पाचपर्यंत माणसे एकत्र प्रवास करू शकतात आणि ते ५,००० फोरिंटांना मिळत होते. २४ तासांचे वैयक्तिक तिकीट तेव्हा २,५०० फोरिंटांचे असल्यामुळे दोघांसाठी हिशेब सारखाच पडत होता. खरा फायदा तिघांपासून सुरू होतो आणि पाच जण असतील तर तो सर्वांत जास्त असतो. आम्हा चौघींना ७२ तासांच्या चार तिकिटांसाठी २२,००० फोरिंट लागले असते. त्याऐवजी रोज एक याप्रमाणे तीन सामूहिक तिकिटे घेतली आणि १५,००० फोरिंटांत काम झाले.

तिकीट घेण्याची पद्धत सोपी आहे. आमची बस सकाळी नेपलिगेत स्थानकावर पोहोचली. तेथेच तिसऱ्या मेट्रो मार्गाचे स्थानक आहे आणि त्यात जांभळ्या रंगाची तिकीटयंत्रे आहेत. यंत्रात इंग्रजी भाषा निवडता येते, बँकेचे कार्ड चालते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिकिटाची वेळ कधीपासून सुरू व्हावी हे आपल्याला सांगता येते. २४ तास म्हणजे त्या क्षणापासूनचे पूर्ण २४ तास; मध्यरात्री तिकीट संपत नाही. पुण्यात दिवसाच्या पासची सवय असलेल्या आम्हा दोघींना हा फरक आधी लक्षात आला नव्हता, पण एकदा कळल्यावर आम्ही त्याचा पुरेपूर उपयोग केला. पहिले तिकीट शुक्रवारी सकाळी साडेसातला सुरू झाले. शनिवारी ते संपल्यावर आम्ही लगेच दुसरे घेतले नाही; आमचे वसतिगृह सातव्या विभागात होते, तेथून १८५९ मध्ये बांधलेले दोहान्य रस्त्यावरील भव्य सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आणि जुनी ज्यू वस्ती पायीच पाहता येते. साडेदहाला दुसरे तिकीट सुरू केले आणि ते रविवारी सकाळी साडेदहापर्यंत चालले.

एवढ्या पैशांत काय मिळते, याचे उत्तर म्हणून मी सर्वांत आधी २ क्रमांकाच्या ट्रामचे नाव घेईन. मार्गारेट पुलाच्या पेश्त, म्हणजे नदीच्या पूर्वेकडील, बाजूला असलेल्या यासाई मारी चौकातून ती निघते, संसदेजवळून पुढे जाऊन डॅन्यूबच्या काठाला लागते आणि दक्षिणेकडे फ्योवाम चौकातील मोठ्या मंडईपर्यंत व त्याही पुढे जाते. दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण त्या बाजूला नदी असते. १८४९ मध्ये खुला झालेला साखळी पूल, पलीकडच्या टेकडीवरचा राजवाडा आणि मग गेलर्ट टेकडीवरचा स्वातंत्र्याचा पुतळा, असे एकामागून एक दिसत जाते. नदीतील फेरीच्या नौकांची तिकिटे विकणारे लोक काठावर भेटतात. ती फेरीही चांगली असेल, पण आम्ही या ट्रामने तीन दिवसांत चार वेळा गेलो, एकदा दुपारच्या उन्हात आणि एकदा दिवे लागल्यावर, आणि त्यासाठी वेगळा पैसा लागला नाही.

दुसरे नाव पहिल्या मेट्रो मार्गाचे. हंगेरियन लोक या प्रदेशात आले त्या घटनेचा सहस्रक सोहळा १८९६ मध्ये झाला आणि त्याच वर्षी हा मार्ग सुरू झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरील तो पहिला भुयारी रेल्वेमार्ग असून २००२ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. रस्त्यावरून थोड्या पायऱ्या उतरले की आपण थेट फलाटावर असतो. पांढऱ्या फरशा, लोखंडी खांब आणि लहानसे पिवळे डबे. आंद्राशी मार्गाखालून जाणारी ही गाडी वीर चौक आणि सेचेन्यी स्नानगृहापर्यंत नेते. वारसास्थळ पाहण्यासाठी सहसा प्रवेशशुल्क द्यावे लागते, येथे मात्र त्या वारशात बसून लोक रोज कामावर जातात. माझ्यासारख्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला या मार्गाने फार आनंद दिला. मी मैत्रिणींना एका स्थानकावर मुद्दाम उतरवून पुढची गाडी येईपर्यंत छताचे खांब दाखवले.

किल्ल्याच्या टेकडीवर जाण्यासाठी १८७० पासूनची जी दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे, तिच्यात हे तिकीट चालत नाही आणि तिचे भाडे विद्यार्थ्यांना जड वाटावे असे आहे. परंतु डेआक फेरेन्त्स चौकातून सुटणारी १६ क्रमांकाची बस साखळी पूल ओलांडून थेट टेकडीवर जाते आणि त्या बसला आपले तिकीट चालते. अशी आणखी दोन बंधने आधीच माहीत असावीत. विमानतळावरून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या १००ई बसला वेगळे तिकीट लागते, जे तेव्हा २,२०० फोरिंटांचे होते. मात्र २००ई बस आणि पुढे तिसरी मेट्रो असा प्रवास केल्यास सामूहिक तिकीट पुरते. तसेच सेंतेंद्रे या नदीकाठच्या गावी उपनगरी गाडीने जायचे असल्यास हे तिकीट शहराच्या हद्दीपर्यंतच चालते, त्यापुढच्या अंतराचे तिकीट वेगळे काढावे लागते.

आता या तिकिटाचा मोठा दोष. ते एकच असल्यामुळे सर्वांना एकत्र राहावे लागते, आणि चार माणसे तीन दिवस प्रत्येक बाबतीत एकमत होतील अशी अपेक्षा धरणे चूक आहे. शनिवारी दुपारी दोघींना सेचेन्यी स्नानगृहात जायचे होते. १९१३ मध्ये सुरू झालेल्या त्या गरम पाण्याच्या कुंडांचे तिकीट दहा हजार फोरिंटांहून अधिक होते, म्हणजे आमच्या सामूहिक तिकिटाच्या दुपटीपेक्षा जास्त. उरलेल्या दोघींना, म्हणजे मला आणि नांदेडच्या मैत्रिणीला, तो खर्च परवडण्यासारखा वाटला नाही. आम्हाला नदीच्या पश्चिमेकडील बुडा भागातल्या टेकड्यांवर नोर्माफा येथे चालायला जायचे होते. तिकीट कोणाकडे ठेवायचे यावर आम्ही चौकातील बाकावर बसून विचार केला. येथील साधे तिकीट ४५० फोरिंटांचे होते आणि एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जाण्याचा अपवाद सोडला तर वाहन बदलले की नवे तिकीट लागते. स्नानगृहाला पहिल्या मेट्रोने थेट जाता येते, म्हणून दोघींच्या जाण्यायेण्याला चार तिकिटे, १,८०० फोरिंट. नोर्माफाला मात्र दुसऱ्या मेट्रोने सेल काल्मान चौकापर्यंत आणि तेथून २१ क्रमांकाच्या बसने जावे लागते, म्हणजे आठ तिकिटे, ३,६०० फोरिंट. त्यामुळे सामूहिक तिकीट टेकडीकडे गेले, साधी तिकिटे स्नानगृहाकडे, आणि ते १,८०० फोरिंट चौघींनी वाटून घेतले. कोणी काय निवडले याचा भार एकीवर पडू नये हे आम्ही घरून निघण्यापूर्वीच ठरवले होते, आणि मित्रमैत्रिणींनी असे आधीच ठरवून जावे असे मला मनापासून वाटते. तिन्ही दिवसांचा एकूण प्रवासखर्च १६,८०० फोरिंट झाला, म्हणजे प्रत्येकी ४,२००. युरोत सुमारे पावणेअकरा.

तपासणी नियमित होते, विशेषतः मेट्रोच्या प्रवेशाशी. दंडावर पट्टी बांधलेले तपासनीस तिकीट पाहतात आणि माणसे मोजतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मेट्रोचे सरकते जिने खोल व वेगवान आहेत. एकदा आमच्यापैकी एक जण मागे राहिली, तेव्हा ती येईपर्यंत आम्हाला वर थांबावे लागले. यंत्रातून मिळणारे तिकीट कागदी असते, म्हणून ते एकीनेच, कोरड्या खिशात सांभाळावे.

रात्रीच्या प्रवासाविषयी चौघी मुली म्हणून मला वेगळे लिहावेसे वाटते. शनिवारी रात्री आम्ही नदीच्या बुडा बाजूला बात्त्यानी चौकात बसून समोरची उजळलेली संसद पाहिली. १९०४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीचा घुमट ९६ मीटर उंच आहे आणि सेंट स्टीफनच्या बॅसिलिका या चर्चचाही तितकाच. हा आकडा हंगेरियनांच्या आगमनाच्या, म्हणजे ८९६ या वर्षाशी जोडला जातो. संसदेच्या आतील फेरीचे शुल्क नागरिकत्वावर ठरते आणि भारतीय पारपत्रावर ते युरोपीय नागरिकांच्या सुमारे दुप्पट होते, म्हणून आम्ही ती बाहेरूनच पाहिली, आणि पलीकडच्या काठावरून ती इतकी सुंदर दिसते की आम्हाला काही राहून गेल्यासारखे वाटले नाही. मेट्रो रात्री साडेअकराच्या सुमारास थांबते, पण ६ क्रमांकाची ट्राम रात्रभर चालते. मार्गारेट पुलापर्यंत चालत जाऊन आम्ही ती पकडली. ५४ मीटर लांबीची ती ट्राम मध्यरात्रीनंतरही भरलेली होती, त्यात विद्यार्थी होते, कामावरून परतणारे होते, आणि वसतिगृहाच्या जवळच्या थांब्यावर उतरेपर्यंत आम्हाला एकदाही असुरक्षित वाटले नाही. टॅक्सीचा विचारही करावा लागला नाही.

खाण्यावर फार लिहीत नाही. लांगोश म्हणजे तळलेली मोठी जाड पुरी, आकाराने भटुऱ्याहून मोठी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज. दोघींत एक पुरते. शाकाहारी मैत्रिणीला फोझेलेक हा भाज्यांचा दाट रस्सा आवडला. मोठी मंडई पाहायची असेल तर ती रविवारी उघडी आहे का, हे आधी तपासून जावे.

रविवारचे तिसरे तिकीट मात्र आम्ही घ्यायला नको होते. चौघींनी प्रत्येकी तीन वेळा वाहनात बसल्यास तेव्हाच्या दराने साध्या तिकिटांचे ५,४०० फोरिंट होत होते, त्यामुळे तीन फेऱ्यांच्या खाली सामूहिक तिकीट तोट्याचे ठरत होते. त्या दिवशी आम्ही संसदेच्या दक्षिणेला नदीकाठी असलेले लोखंडी बुटांचे स्मारक पाहिले. १९४४-४५ मध्ये ज्या ज्यू नागरिकांना बूट काढायला लावून काठावर गोळ्या घातल्या गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ २००५ मध्ये तेथे साठ जोड बसवण्यात आले. तेथे आम्ही ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबलो आणि नंतर कोणालाच गाडीत बसावेसे वाटले नाही, म्हणून काठाकाठाने चालत राहिलो. दिवसभरात तिकीट दोनदाच वापरले गेले : दुपारी २ क्रमांकाच्या ट्रामला आणि रात्री नेपलिगेतला परतताना मेट्रोला.