सातपूरच्या गाळ्यातून करून घेतलेला नंदादीप

देवघर खिडकीशी असेल, वात सारखी विझत असेल आणि म्हणून काचेचा नंदादीप घ्यायचा विचार असेल, तर तयार माल उचलण्याआधी हे वाचा. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात काच फुंकणं आणि तांबं मठारणं ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातची होतात. आईसाठी मी त्यांच्याकडून दिवा करून घेतला. ६,८०० रुपये पडले. महाग आहे, यात वाद नाही. पण माझं माहेर नाशिकच्या तांबट लेनचं, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीतलं. भांड्यावरून हात फिरवला की पत्रा कुठे ओढलाय, कुठे जाड राहिलाय हे मला कळतं, आणि मी हा दिवा त्याच भावात पुन्हा घेईन.

नाव आणि नंबर इथे देत नाही. तसं त्यांनीच सांगितलंय, कारण घरातली दोन माणसं आणि एक पोरगा एवढ्यावर गाळा चालतो आणि आहे तेच काम उरकत नाही. मी त्यांना भाऊ म्हणते, तसंच इथेही लिहिते.

आधी बाजारातल्या दिव्याबद्दल. खाली पितळेची बैठक आणि वर काचेची नळी असे अखंड दिवे आता सगळीकडे मिळतात. आम्ही असाच एक मागवला होता. थंडीत पहाटे लावला आणि थोड्याच वेळात काच खालच्या कडेला गोल तडकली. दुसरी काच मागवली, तिचंही तेच झालं. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: तुम्ही पाणी लावलं असेल. काचेचा तुकडा आणि बैठक दोन्ही भाऊंना दाखवलं, तर त्यांनी काचेकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, बैठकीकडेच पाहिलं. पितळेची कड काचेच्या आतून, घट्ट बसवलेली होती. "ताई, काच चांगली आहे. बसवणाऱ्याने मारली तिला."

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं ते इथे देते, कारण सगळी गोम यातच आहे. प्रयोगशाळेतली भांडी ज्या काचेची असतात ती बोरोसिलिकेट काच तापल्यावर फारच कमी वाढते: एका अंशाला दहा लाखांत ३.३ भाग. तांबं वाढतं साधारण १७ भाग, पितळ १९ च्या आसपास. ७० मिलिमीटर व्यासाची कड शंभर अंशांनी तापली, तर पितळ आणि काच यांच्या वाढण्यात साधारण एक दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पितळ आतून रेटत असेल तर काचेला तेवढा पुरतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. बरं, बैठक काचेच्या बाहेरून आवळून बसवली तरी सुटका नाही. तापल्यावर ती सैल होते आणि निवताना परत आवळते, मग जिथे एखादा उंचवटा टेकत असेल तिथून चीर सुरू होते.

त्यांच्या दिव्यात काच कशालाच घट्ट टेकत नाही. तांब्याच्या कोंदणात ती मोकळी बसते आणि तीन बाजूंनी तीन बारीक पट्ट्या तिला धरून ठेवतात. या पट्ट्या तांब्याच्या नाहीत, फॉस्फर ब्राँझच्या, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या आहेत. तांब्याची पट्टी तापून तापून नरम पडते आणि एकदा वाकली की वाकलेलीच राहते. फॉस्फर ब्राँझ स्प्रिंगसारखं परत जागेवर येतं. काच उचलून पुसायची आणि परत ठेवायची, एवढंच काम. बोटाने दाबून पाहिलं तर पट्टी किंचित आत जाते आणि बोट काढलं की हलकेच परत काचेला लागते. सहा हजार आठशेतले निम्मे रुपये मी या तीन पट्ट्यांसाठी दिले असं मी धरते. काचवाल्याला हे सुचत नाही, कारण बैठक त्याच्या हातची नसते. भांडीवाल्याला सुचत नाही, कारण काच तो आयती आणतो.

भाऊ मुळात काचेचे. पोरवयात मुंबईला प्रयोगशाळेची काचसामग्री बनवणाऱ्या दुकानात लागले. सुरुवातीला कित्येक महिने थंड नळी दोन्ही हातांत धरून नुसती फिरवत बसायचं, डावा-उजवा हात एका वेगाने फिरेपर्यंत. पुढे नाशिकला आले, औषध कंपन्यांचे आणि कॉलेजांचे कंडेन्सर, फ्लास्क दुरुस्त करायला लागले. ते काम अजूनही चालू आहे, माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळा सहायकांचं सामान तिथेच जातं. मग दिंडोरी आणि गंगापूर भागात वायनरी झाल्या. पिंपातून चाखण्यापुरती वाइन वर ओढायला काचेची लांब नळी लागते. ती नळी आणि पाहुण्यांसमोर ठेवायचे डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचे काचेचे चंबू, ही मागणी आली. तांबं त्यानंतरचं. काच यांनी करायची आणि बैठक दुसऱ्याने, असं काही काळ चाललं, पण बैठक कधीच मापात यायची नाही. शेवटी जुन्या नाशकातल्या एका वयस्कर तांबटांकडे जाऊन बसले. पत्रा कसा तापवायचा, कुठे थांबायचं, हे त्यांच्याकडून शिकले. आमच्या लेनमध्ये बाहेरच्या माणसाला एवढं शिकवणारे फार नव्हते, म्हणून हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मी काम चालू असताना थांबले होते. तुम्हालाही बसू देतात, फक्त मोबाइल खिशात ठेवायचा. ऑक्सिजन आणि गॅसच्या टॉर्चवर पन्नास मिलिमीटरची नळी धरली की काच पेट घेतल्यासारखी पिवळी दिसायला लागते. तो पिवळेपणा काचेतल्या सोडियमचा. नुसत्या डोळ्यांना त्यापलीकडचं काही दिसत नाही. मग त्यांनी स्वतःचा गुलाबीसर चष्मा माझ्या हातात दिला. डिडिमियमचा चष्मा म्हणतात त्याला, त्याच्या काचेत निओडिमियम आणि प्रासिओडिमियम असतं. तो डोळ्यांवर चढवला आणि पिवळी झळाळी नाहीशी झाली. काचेची कड, तिची जाडी, कुठे ती ढिली पडायला लागलीय, सगळं स्वच्छ दिसलं. नळी पाकासारखी सैल झाली की ती ज्योतीबाहेर काढायची आणि मगच फुंकायचं. फुंकणं म्हणजे गाल फुगवून मोठ्ठी फुंकर मारणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तोंडातल्या रबरी नळीतून बारीक बारीक फुंकर जाते आणि त्या वेळीही हात फिरायचे थांबत नाहीत. पोट फुगलं, वरचं तोंड किंचित निमुळतं झालं. शेवटी वरची कड ज्योतीवर धरून गोल वितळवली, म्हणजे पुसताना हात कापणार नाही. बाजारातल्या काचांची कड नुसती कापून घासलेली असते, हा फरक हाताला लगेच कळतो.

एवढं झाल्यावर काच तयार झाली असं मला वाटलं होतं. भाऊंच्या मते काम इथून सुरू होतं. काच भट्टीत जाते, ५६० अंशांच्या आसपास थांबते आणि मग सावकाश निवते. हे टाळलं तर दिसायला काच तशीच दिसते, पण आत ताण कोंडलेला राहतो आणि एक दिवस कारण नसताना तडकते. तपासणी वहिनी करतात. पोलरॉइड म्हणजे प्रकाश गाळणारा पारदर्शक कागद. त्याचे दोन तुकडे एकमेकांना आडवे धरले की मागे काळोख दिसतो, त्यांच्यामध्ये काच धरायची. ताण नसेल तर मागचा काळोख काळोखच राहतो, ताण असेल तिथे उजेड फुटतो. भट्टीत न गेलेला एक तुकडा त्यांनी मला तसा धरून दाखवला. पोट जिथे वळतं तिथे उजेडाचं पांढरं कडं होतं. नंतर माझ्या दिव्याची काच धरली, त्यात काहीही दिसलं नाही. वहिनींनी ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि पुढची घेतली.

आईच्या जुन्या कंदिलाची काचही सोबत नेली होती. कड फुटलेली, म्हटलं जोडून मिळाली तर बघावं. भाऊंनी नाही म्हणून सांगितलं, पण कारण दाखवून. फुटलेल्या कडेचा कपचा आणि स्वतःकडच्या काचेची बारीक कांडी, दोघांची टोकं ज्योतीवर एकत्र वितळवली आणि ओढून लांब दोरा काढला. निवता निवता तो दोरा धनुष्यासारखा वाकला. ज्या बाजूला वाकला त्या बाजूची काच जास्त आकसते. ती कंदिलाची साधी सोडा काच होती, तिचं आकसणं बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट. जोड दिला असता तर निवतानाच सुटला असता. त्या पाच मिनिटांचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता तांब्याकडे, कारण इथे मला बोलायचा हक्क आहे. बैठक २० गेजच्या पत्र्याची आहे, वजनदार, हाताला भरीव लागते. तेलाची वाटी वेगळी निघते आणि आतून कल्हई केलेली आहे. हे फार महत्त्वाचं. तेल किंवा तूप नुसत्या तांब्यात राहिलं की कळकतं, हिरवं होतं, आणि नंदादीपात ते दिवसभर राहणारच. बाजारातल्या कित्येक दिव्यांत ही वाटी उघड्या पितळेची असते आणि मग आठवड्यात हिरवा चिकटा जमतो. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून वात वाटीच्या भिंतीपासून लांब, मधोमध, वेगळ्या नळीत उभी केली आहे. खाली हवेसाठी छिद्रं आहेत. ती ज्योतीच्या खालून हवा घेतात, गरम हवा वर पळते, म्हणून खिडकीतून वारा आला तरी ज्योत नुसती लांब होते, फडफडत नाही. आईकडे दक्षिणेचा वारा थेट देवघरात येतो, तिथे हे पाहिलंय.

खटकलं ते मठारकाम. बैठक आधी लेथवर दाबून आकाराला आणलेली होती आणि वरून ठोके दिलेले होते, नक्षी दिसावी म्हणून, मधे मधे अंतर सोडून. आमच्याकडे ठोका नक्षीसाठी नव्हता. तापवून नरम केलेला पत्रा ठोक्याने कडक होतो, आणि ठोक्याला ठोका लागून गेला तरच सगळीकडे सारखा कडक होतो. कोंदणाची कड मला नरम लागली. तसं मी तिथेच सांगितलं. भाऊंनी वाद घातला नाही. कड खुंट्यावर चढवली आणि माझ्यासमोर ठोक्याला ठोका लावून पूर्ण फिरवून घेतली. आवाज बदलत गेला, आधी भदभद, मग टणक. तिथे उभी असताना मला वडिलांचं दुकान आठवलं, त्यांच्याही हाताला हा आवाज कळायचा. घेताना तुम्हीही कड अंगठ्याने दाबून बघा आणि नरम वाटली तर परत ठोकून मागा, ते करून देतात.

दुसरी तक्रार लॅकरची. विचारलं नाही तर ते तांब्यावर पारदर्शक लॅकर मारून देतात, चकाकी टिकावी म्हणून. देवघरातल्या वस्तूला हे नको. लॅकर कधीतरी उडतं, मग तांबं ठिपक्याठिपक्यांनी काळं पडतं आणि चिंचेने किंवा पितांबरीने घासताही येत नाही. ऑर्डर देतानाच लॅकर नको म्हणून सांगा. आणि तिसरी गोष्ट, सांगितलेल्या तारखेला दिवा मिळेल असं धरून चालू नका. माझ्या दिव्याला बराच उशीर झाला. फोन केला की खरं कारण सांगतात, पण फोन आपणच करायचा. गणपतीनंतर दिवाळीच्या ऑर्डर घेत नाहीत, आणि सिंहस्थाच्या तोंडावर तर काय होईल ते दिसतंच आहे.

गाळा त्र्यंबक रोडपासून आत आहे. सिटीलिंकच्या बसने उतरून चालत जाता येतं, येताना मात्र रिक्षा करा. भुसा भरलेल्या खोक्यात दिवा बांधून देतात, बांधणी चांगली आहे.

काच राखेने किंवा घासणीने घासू नका. बारीक ओरखडाही काचेला कमजोर करतो. काजळी धरली तर काच निवल्यावर साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा, पूर्ण कोरडी करा, मगच दिवा लावा.

जाताना देव्हाऱ्याची मापं घेऊन जा, उंचीसुद्धा. काचेच्या तोंडातून वर निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. भाऊ पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि दिव्यावर लाकडी छत जवळ येत असेल तर ऑर्डर घेत नाहीत. आमचा देव्हारा सागवानी, ठेंगणा, म्हणून दिवा आता देव्हाऱ्याबाहेर उजव्या हाताला दगडी पाटावर ठेवला आहे.