दाढ बसवली, लगदा न चावता
१२ वर्षांपूर्वी वरच्या दाढेचं माप देताना लगद्याचा ट्रे घशाशी गेला आणि मला उमासे आले होते. कोथरूडच्या या दवाखान्यात यंदा खालची दाढ बसवली, तेव्हा जाडजूड टूथब्रशसारखा स्कॅनर तोंडात फिरला आणि माझे दात पडद्यावर! (किडकेही.) सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेत) नस दाखवून डॉक्टरांनी दाढेखालचा टायटॅनियमचा स्क्रू तिच्यापासून २ मिलिमीटर लांब ठेवला. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या गाइडमधून (ड्रिलला नेमकी जागा दाखवणाऱ्या साच्यातून) ड्रिल गेलं, टाका एकही नाही. हाडानं टायटॅनियम धरायला मात्र ३ महिने घेतलेच. तिथे कॉम्प्युटरचं काही चालत नाही. आता चिक्की त्याच बाजूनं खातो. एकच राग आहे: गाइडचे पैसे वेगळे लागतील हे बिल हातात पडल्यावर कळलं. आधीच विचारून घ्या.