बर्फातला माड गोव्यात: दोन विंडमिल पाम घेतले, एकच विंडमिल निघाला (५ पैकी अडीच स्टार)

नर्सरीचं नाव घालत नाही. फोंड्याहून जाताना हायवेला लागूनच आहे आणि मालक माणूस म्हणून वाईट नाही, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. पण "कोल्ड हार्डी" (थंडी सोसणारे) पाम, विंडमिल पाम, फॅन पाम असलं काही घ्यायला कोणी निघालं असेल तर आधी हे वाचा, मग काय ते ठरवा.

मुळात हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं इंग्लंडमधल्या स्विंडनला. धाकटा भाऊ तिथे असतो, आता स्विंडन म्हटलं की गोव्यात कोणाला पत्ता सांगावा लागत नाही. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात मी त्याच्याकडे गेले तर दाराशी माड! म्हणजे माड नव्हे, पंख्यासारखी पानं, खोडाला काथ्याच्या गोणपाटात गुंडाळल्यासारखं तपकिरी जाळं, उंची माझ्या खांद्याएवढी. त्याने आधी खरा नारळच लावून बघितला होता म्हणे, तिकडे दुकानात कुंडीत अर्धा पुरलेला मोड आलेला नारळ घरात ठेवायचं झाड म्हणून विकतात, तो आणून हिटरजवळ ठेवला आणि फेब्रुवारीत गेला. जाणारच, नारळाला थंडी लागली की मुळं काम करायची बंद होतात, वर पाणी घालत राहिलं की कुजतो. मग कोणीतरी सांगितलं तेव्हा हा आणला, ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी, तिकडे चुसान पाम किंवा विंडमिल पाम म्हणतात.

जानेवारीत एका रात्री उणे ६ झालं. सकाळी मी चहा घेऊन दारात आले तर पानांवर दहिवर गोठून सगळं पांढरं, एक पान बोटाने दाबलं तर भाजलेल्या पापडासारखं कडक. मी म्हटलं गेलं रे तुझं झाड, भाऊ म्हणाला हात लावू नको, मोडेल, दुपारपर्यंत थांब. आणि खरंच बारा वाजेपर्यंत ऊन आलं, पाणी टपकलं आणि पान होतं तसं हिरवं. कोंकणी माणसाला हे बघून काय वाटतं ते सांगता येत नाही, आपण जन्मभर माडाला थंडीची सवय नसते हेच ऐकलेलं.

तो करतो तरी काय ते मी खोदून खोदून विचारलं, कारण तिकडे राहणारे आपले कितीतरी लोक हे वाचतील. लावलं मे महिन्यात, म्हणजे थंडी यायच्या आधी मुळांना अख्खा उन्हाळा मिळतो. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, कारण भिंत दिवसभराचं ऊन रात्री सोडत राहते. माती चिकण होती म्हणून खड्ड्यात खडी मिसळली. आणि हिवाळ्यात फक्त कडाक्याचे चार दिवस असले की पानं वर करून सुतळीने सैल बांधायची, त्यावर ते पांढरं फ्लीसचं कापड, बुंध्याभोवती झाडाच्या सालीचा जाड थर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाभ्यात पाणी साचू द्यायचं नाही. थंडी गेली की लगेच सोडायचं, नाहीतर आत बुरशी धरते. काहीजण आत ख्रिसमसच्या दिव्यांची माळ गुंडाळतात, पण ती जुन्या बल्बची पाहिजे, एलईडीला ऊबच नसते. रुजलेलं झाड उणे १२-१५ पर्यंत काढतं, मात्र कोरडी थंडी ते सोसतं, ओली थंडी नाही. कुंडीतलं झाड आणखी नाजूक कारण मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो. यातली ओलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझ्यावर उलटी शेकली.

झाड मूळचं चीनकडचं. चुसान बेटावर ते रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या ब्रिटिश माळ्याने बघितलं आणि १८४९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डनला पाठवलं, म्हणून नावात फॉर्च्युनी. हाच तो फॉर्च्यून ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं गुपचूप हिंदुस्थानात आणली, तेव्हा सकाळच्या कपात पण याचा हात आहे. आता गंमत बघा, स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडे, तिचीनो भागात, हेच झाड बागेतून पळून जंगलात इतकं माजलंय की २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथे ते विकायलाच बंदी आली. आणि आमच्याकडे? सांगते.

फेब्रुवारीत परत आले आणि दोन आठवड्यांत त्या नर्सरीत. तसं बॅगेतून झाड आणता येत नाही, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची, म्हणजे झाडाला कीड-रोग नाही अशा सरकारी दाखल्याची भानगड असते, म्हणून म्हटलं इथेच मिळतं का बघू. कोपऱ्यात शेडनेटखाली सात-आठ फॅन पाम, प्रत्येकाला छापील टॅग, "विंडमिल पाम – कोल्ड हार्डी", खाली बर्फातल्या झाडाचा फोटो. एक २८०० रुपये. मी विचारलं, थंडीतलं झाड इथे उकाड्यात राहील का हो? तर मालक म्हणतो, "बाय, हें झाड बर्फांत जगता, हांगा ताका कितें जातलें?" म्हणजे इथे त्याला काय होणार? आणि मी, कुळागरात, म्हणजे सुपारी-माडांच्या बागायतीत, वाढलेली बाई, मान डोलावून दोन घेतली. घासाघीस करून दोनाचे ५०००. पिकअपने घरपोच ३०० वेगळे, एका कुंडीचा काठ फुटलेला आला, बदलून दिला नाही, बिल कच्चं. असो.

आता खरा घोळ. घरी आणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि चार दिवसांनी लक्षात आलं की ही दोन भावंडं नव्हेत. एकाच्या पानाची टोकं दुभंगून खाली लोंबत होती, पाऊस पडून गेल्यावर छत्रीच्या काड्या लोंबतात तशी, आणि देठाच्या दोन्ही कडांना उलटे काटे, माझी साडी दोनदा अडकली. दुसऱ्याच्या देठाला काटे नाहीत, नुसती करवतीसारखी बारीक खरखर, बोट फिरवलं तरच कळते, आणि बुडाशी ते काथ्याचं जाळं. भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं, हा माझ्यासारखा. पहिला म्हणजे लिव्हिस्टोना चायनेन्सिस, चायनीज फॅन पाम, नर्सऱ्यांमध्ये ढिगाने असतो आणि कितीतरी स्वस्त मिळतो. म्हणजे टॅग तोच, भाव तोच, झाड वेगळंच. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, लहानपणी दोघांची पानं सारखीच दिसतात आणि शेडनेटखाली कामाला असलेली पोरं टॅग मुठीने लावतात. पण एकाचे अडीच हजार घेतल्यावर मालकाने देठावरून एकदा बोट फिरवायला हरकत नव्हती.

फोन केला तर म्हणाला दोनूय फॅन पामच मगो. बरं.

मग मे आला. इथली रात्र २६-२७ च्या खाली उतरत नाही, घामाने उशी ओली, आणि खऱ्या विंडमिलची पानं टोकाकडून करपायला लागली. पाणी होतं, सावली होती, तरी करपलं. त्याला रात्रीचा गारवा पाहिजे आणि आमच्याकडे रात्रीसुद्धा इस्त्री चालू. काटेवाला लिव्हिस्टोना मात्र अंगणात सासर माहेर एकच असल्यासारखा, महिन्याला एक नवं पान.

जूनमध्ये मी कुंडी पागोळीपासून लांब सरकवली, पण गोव्याच्या पावसात लांब म्हणजे कुठे? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो तो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुलैच्या मध्यावर एका सकाळी मधलं मिटलेलं पान, तो भाल्यासारखा कोंब असतो ना, थोडा फिका वाटला म्हणून चिमटीत धरून हलकेच ओढला. अख्खा हातात आला. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास कुजलेल्या आंबाड्यासारखा. पोटात खड्डा पडला, कारण पामला दुसरी फांदी नसते, दुसरा डोळा नसतो, सगळं आयुष्य त्या एका गाभ्यावर. माडात गेंड्या भुंगा शिरला की आपण तार घालून आधी गाभाच वाचवतो, ते याच्यासाठीच. खोडाला जखम झाली तरी ती भरून येत नाही, साल धरायला आत तसा थरच नसतो. एका अर्थाने पाम झाड कमी आणि गवत जास्त, आमच्या सरकारने २०१६ मध्ये नारळाला कायद्यातल्या झाडांतून वगळलं होतं ते बहुतेक असंच कोणाचं ऐकून, पुढच्या वर्षी परत घेतलं आणि राज्यवृक्ष करून टाकलं ती गोष्ट वेगळी.

मालकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. निळ्या टिका त्याच दिवशी. उत्तर सहा दिवसांनी: "डीएपी घाला." कुजणाऱ्या गाभ्याला खत! तापाने फणफणलेल्या पोराला श्रीखंड भरवा म्हटल्यासारखं. माझे स्टार मुख्यतः इथे गेले, चुकीच्या टॅगवर नव्हे.

सहा दिवस मी वाट बघत बसले नव्हते म्हणा. त्याच आठवड्यात कुळागरात माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडांवर, फळं कुजवणाऱ्या कोळे रोगाची दुसरी फवारणी होती, पहिली पावसाच्या तोंडावर आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करतात तीच. बोर्डो मिश्रण, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. फवारणीवाल्याने सुरी बुडवून बघितली, तांब्याचा रंग चढला नाही म्हणजे मिश्रण बरोबर, आणि मला तांब्याभर काढून दिलं. मी सगळा कुजका भाग चमच्याने खरवडला, मिश्रण गाभ्यात ओतलं, तासाभराने कुंडी आडवी करून निथळवली आणि उचलून व्हरांड्यात ठेवली, पावसाचा थेंब नको. दहा दिवसांनी परत एकदा. कुंडी उलटी करून बघितली तर आत सगळं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल्या फडक्यासारखं पाणी धरून बसलेलं, भोकं मुळांनी बुजलेली. ते काढून चिऱ्याची भुकटी, खडी आणि थोडी माती घातली. हे काम नर्सरीचं होतं. इथे विकायचं झाड कोकोपीटमध्ये ठेवायचं म्हणजे पावसाळ्यात ते बादलीत बुडवून ठेवल्यासारखंच, आणि भावाने सांगितलेली ओलीची गोष्ट मला तेव्हा कळली, नुसती थंडी काढली तर तेच दुखणं इथे.

ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, गाभ्यातून एक पान वर आलं. आखूड, चुरगळलेलं, टोक कात्रीने कापल्यासारखं. पण हिरवं. मी दोनदा ओढून बघितलं, घट्ट होतं.

मधल्या काळात वाचलं तेव्हा कळलं की याच कुळातले माड आपल्या देशात पण आहेत. कुमाऊंत पिथौरागडजवळ थलकेदारच्या डोंगरावर ट्रॅकीकार्पस टकील, बर्फ पडतो तिथे, मेघालयात खासी टेकड्यांवर मार्शियानस, आणि दार्जिलिंग-कालिम्पोंगकडे लॅटिसेक्टस, ज्याला शास्त्रीय नाव १९९७ मध्ये मिळालं. टकीलच्या नावाने बाजारात फिरलेलं बरंचसं बी साध्या फॉर्च्युनीचं निघालं म्हणे, तेव्हा टॅगचा घोळ फक्त आमच्या हायवेवर नाही. मी नोव्हेंबरात गुलाब घ्यायला परत त्याच नर्सरीत गेले (हो गेले, गुलाब त्याचे चांगलेच असतात) तेव्हा विचारलं कुमाऊंचा पाम मिळेल का, तर म्हणाला ऑर्डर दी, हाडटां (आणतो). नको रे बाबा.

तर हिशोब असा. झाडांची तब्येत विकताना चांगली, गडी पोरं मदतीला तत्पर, पार्किंग आहे, गुलाब, अबोली, कलमं बिनधास्त घ्या. पाम घ्यायचा तर देठ हाताने बघून घ्या, कुंडी पालथी करायला सांगा, आणि "कोल्ड हार्डी" टॅग असलेलं काही अंगणासाठी घेऊ नका. अंगणात फॅन पाम पाहिजेच तर लिव्हिस्टोना मागा, पण लिव्हिस्टोनाच्या भावात. थंड मुलखात कोणासाठी बघत असाल तर फॉर्च्युनी तिथल्याच दुकानातून, आणि जागा अगदीच बर्फाळ असेल तर अमेरिकेतला नीडल पाम, ऱ्हापिडोफायलम, तो उणे २० ला पण टिकतो, मात्र खोड म्हणावं असं नसतं, सुयांनी भरलेलं झुडूप, भावाने विचार केला आणि वहिनीने नको म्हटलं, पोरं खेळतात.

विंडमिल आता माझ्याकडे नाही. बेळगावला मावशीकडे दिला, तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री बऱ्यापैकी गारवा असतो आणि पाऊस आमच्या निम्म्यानेही पडत नाही. कदंबा बसमध्ये माझ्या पायाशी कुंडी ठेवली होती, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडता फाडता विचारलं, "कसलें झाड तें?" मी म्हटलं, माड. त्याने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "बेळगांवाक माड?" चोर्ला घाटाच्या वळणांवर कुंडी सरकत होती तेव्हा मात्र स्वतःच येऊन पायाने अडवून उभा राहिला.