गोव्याच्या काळ्या पाटीची स्विफ्ट : रेंट-अ-कॅब गाडी जुनी म्हणून घ्यावी का?

गोव्यात पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तीन-चार वर्षं धंदा झाला की या गाड्या विकायला निघतात, आणि सावंतवाडी-कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक त्यांच्या मागे लागतं, कारण त्याच वर्षाच्या खासगी गाडीपेक्षा भाव बराच कमी दिसतो. इथे जे लिहिलंय ते २०२१च्या स्विफ्ट व्हीएक्सआयबद्दल आहे (१.२ पेट्रोल, मॅन्युअल). गाडी पांढऱ्या म्हणजे खासगी पाटीवर आणून काही महिने घाटात, हायवेला आणि शहरात वापरल्यानंतरचं मत थोडक्यात असं: इंजिनाची तक्रार नाही, कागदांनी दम काढला, आणि खर्च झाला तो जवळजवळ सगळा गाडीच्या पोटाखाली.

आधी मालक गाडी का विकतो ते बघा. बिघडली म्हणूनच विकतो असं नाही. भाड्याने फिरवण्याच्या धंद्यातल्या गाडीवर आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा (किंमत घटल्याची वजावट) मिळतो, इतर धंद्यातल्या गाडीला १५. काही वर्षांत वहीतली किंमत इतकी खाली येते की गाडी ठेवण्यापेक्षा नवी घेणं परवडतं, शिवाय पर्यटकाला नवं मॉडेल हवं असतं. म्हणजे चांगल्या गाड्याही बाजारात येतात. फक्त भाव ठरवताना जुन्या बिलाकडे बघू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या स्विफ्टची किंमत उतरली. विकणारा अजून जुनं बिल पुढे करत असेल तर तिथेच थांबवा. जीएसटी नोंदणी असलेल्या मालकाने गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं नसेल, तर जुनी गाडी विकताना तो फक्त नफ्याच्या फरकावर १८ टक्के भरतो. अशा वेळी वहीतल्या किमतीपेक्षा कमीत विकत असेल तर त्याला कर लागतच नाही, त्यामुळे "वर जीएसटी वेगळा" असं कोणी म्हटलं तर हिशेब मागा.

आता कागद. या व्यवहारातला खरा डाव इथेच आहे. आरसीवर गाडी मोटर कॅब म्हणून, म्हणजे ट्रान्सपोर्ट वर्गात असते. तिला परमिट असतं, फिटनेस असतं, बहुतेक वेळा बँकेचा बोजा असतो. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून चार गोष्टी पहिल्याच दिवशी बघा: वर्ग, फिटनेसची तारीख, बोजा, आणि गाडी ब्लॅकलिस्ट आहे का. आठ वर्षांच्या आतल्या ट्रान्सपोर्ट गाडीला दर दोन वर्षांनी फिटनेसचं पासिंग लागतं आणि ते चुकलं तर दिवसाला ५० रुपये जादा फी चढत जाते. कोपऱ्यात वर्षभर उभ्या असलेल्या गाडीवर ही रक्कम चांगलीच फुगलेली असते. ई-चलन वेगळं बघा, आणि गोव्याबरोबर कर्नाटक-महाराष्ट्राचंही बघा. पर्यटक चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन येतो, सिग्नल तोडतो, दंड गाडीच्या नंबरावर बसतो.

क्रम असा लागतो: बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवणं, परमिट जमा करणं, गाडी ट्रान्सपोर्टमधून खासगी वर्गात आणणं, मग फॉर्म २८वर दुसऱ्या राज्यासाठी एनओसी, आणि इकडे आल्यावर मालकी बदलाचे फॉर्म २९, ३०, नव्या नंबराचा अर्ज, आजीवन कर. गोव्यातच राहणाऱ्या घेणाऱ्याला दुसऱ्या राज्याच्या एनओसीची भानगड नाही, त्याचं काम निम्म्यावर येतं. महाराष्ट्रात आणणाऱ्याने करासाठी पैसे बाजूला काढायचे: व्यक्तीच्या नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला दर ११ टक्के. ६ लाखांच्या बिलावर नव्या गाडीला ६६,००० झाले असते, जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यातून वजावट मिळते. खाचखळगा हा की वर्ग बदलताना गोव्यातही खासगी गाडीचा कर मागितला जाऊ शकतो. मग तोच पैसा दोन राज्यांत जातो. रूपांतर कुठे करायचं हे दोन्ही आरटीओंच्या खिडकीवर विचारून मगच बयाणा द्या. एजंट "होऊन जाईल साहेब" म्हणतो तेव्हा होऊन जाण्याचा खर्च तुमचा असतो.

भाव बोलताना आमचा आग्रह एकच: किंमत खासगी आरसीसकट ठरवा. मालकाने बोजा उतरवून, परमिट जमा करून, वर्ग बदलून द्यावा आणि उरलेली रक्कम तेव्हाच घ्यावी. तो तयार नसेल तर तेवढे पैसे आणि वर दोन महिन्यांची डोकेदुखी किमतीतून वजा करा. काळ्या पाटीवर पांढरा रंग मारून "चालवा हो, कोण बघतंय" सांगणारेही भेटतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं आरसीवरचा वर्गच बघते.

विमा हा मात्र फायद्याचा भाग. जून २०२२च्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे. त्याच इंजिनाच्या प्रवासी कॅबला ७,९४० आणि वर माणशी आकार. पण आरसीवर वर्ग बदलला की जुनी पॉलिसी आपोआप बदलत नाही. मालकी आणि वर्ग दोन्ही बदलून नवी पॉलिसी लिहून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, तो तुम्हाला मिळणार नाही.

गाडी बघायला जाताना मीटरवरच्या आकड्याला फार भाव देऊ नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून एबीएस आणि एअरबॅगच्या मॉड्युलमध्ये कुठे किलोमीटर नोंदलेले असतील तर ते बघा, सर्व्हिसची नोंद कंपनीच्या वर्कशॉपमधून काढा, आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). गाडी २०२१ची, मीटर ३५,००० आणि चारही टायर २०२४चे, तर गणित जमत नाही. पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड हे मीटरपेक्षा खरं बोलतात. स्कॅनरमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" जेमतेम ४० किलोमीटर दिसलं, तर तुम्ही येणार म्हणून कोणीतरी सकाळीच चेक इंजिनचा दिवा घालवलाय.

यानंतर गाडी लिफ्टवर घ्यायचीच. मालक नको म्हणाला तर व्यवहार नको. समुद्रकाठची गाडी वरून चकचकीत आणि खालून खारी असते. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सबफ्रेमचे जोड, लोअर आर्म, सायलेन्सरचे क्लॅम्प, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, या पाच जागी टॉर्च मारा. वरवरचा तांबूस थर चालतो. पेचकस टोचल्यावर पापुद्रा सुटत असेल तर सोडा ती गाडी. नवाकोरा काळा अंडरकोट दिसला तर जास्त संशय घ्या, कारण गंजावर मारलेला कोट ओल आत कोंडतो आणि गंज आतून चालूच राहतो. पर्यटक गाडी थेट किनाऱ्यावर नेतात आणि भरतीच्या पाण्यात अडकवतात, हे गोव्याला नवीन नाही. तशी गाडी ओळखायला सीटचे रूळ बघा (वाळू आणि गंज), सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर असेल तर वायरिंग पुढे सतत त्रास देणार. बाहेरच्या पत्र्याला पेंट गेज (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) लावा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, ५००च्या वर पुटी आहे. भाड्याच्या गाडीला चारही कोपऱ्यांवर टचअप असणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. छप्पर आणि दारांमधले खांब मात्र मूळ रंगातच हवेत.

क्लचची तपासणी: हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुमत राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, दहादा केली तर तुम्हीच प्लेट जाळाल. या गाड्यांत क्लच सर्वात आधी जातो, कारण चढावर गाडी हँडब्रेकऐवजी क्लचवर धरून ठेवणारे अनेक पाय त्यावर पडलेले असतात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. बाहेरच्या चांगल्या गॅरेजात मजुरीसकट आठ-दहा हजारांत बसतं. नुसती प्लेट बदलून वाचलेले पैसे पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात जातात.

आता ज्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही ते. ट्रान्सपोर्ट गाडीला ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला गाडी ८०च्या वर जातच नाही, आणि वाकलेल्या रिमची थरथर किंवा हबच्या बेअरिंगचा घूंऽऽ आवाज साधारण ८५ ते १००मध्ये उठतो. गव्हर्नर निघाल्यावर पहिल्याच हायवेला तो ऐकू येतो. म्हणून घेण्याआधी चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. टायरवाला दोन-चारशे घेईल, पण रिम वाकडी आहे की नाही ते डोळ्यांनी दिसेल. स्टेपनीही फिरवा, वाकडी रिम तिथे लपवतात. गव्हर्नर काढण्याची घाई आरसी बदलण्याआधी करू नका. काढताना हे लक्षात ठेवा की तो अॅक्सिलरेटर पॅडलच्या सेन्सरच्या वायरी कापून मध्ये बसवलेला असतो. नुसत्या वायरी पिळून टेप गुंडाळली की पावसाळ्यात चेक इंजिन लागतो, पी २१३८ कोड येतो, आणि गाडी दाबली तरी पळत नाही. वायरी डागून, वर हीट श्रिंक नळी चढवून, जोड कोरड्या जागी बांधून घ्या.

जीपीएस ट्रॅकरही असाच. एक दिसतो, दुसरा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा डॅशच्या पोटात असतो, आणि त्याला स्टार्टर तोडणारा रिले जोडलेला असतो. तो राहिला तर जुना मालक मोबाईलवरून तुमची गाडी बघू शकतो, पण रोजचा त्रास बॅटरीचा. गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बंद, लॉक केलेल्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला मल्टिमीटर लावून मोजा. अर्ध्या तासानंतर ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. त्यातच २०२१च्या स्विफ्टला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा आहे, तिला त्यासाठीची खास बॅटरी लागते. भाड्याच्या मालकाने बहुधा साधी स्वस्त बॅटरी टाकलेली असते आणि ती वर्षभरात बसते.

किल्ली बहुधा एकच मिळते. दुसरी करून घेतानाच इमोबिलायझरमधल्या (किल्ली ओळखणाऱ्या यंत्रणेतल्या) जुन्या सगळ्या किल्ल्या पुसायला सांगा, कारण या गाडीच्या डुप्लिकेट किती आणि कोणाकडे आहेत हे मालकालाही सांगता येत नाही.

रोजच्या वापरात काय? इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलण्याचा प्रश्न नाही. घेतल्याबरोबर ऑइल आणि फिल्टर बदला, ०डब्ल्यू-१६ ग्रेडचंच, तीन लिटरच्या आसपास लागतं. आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजात कोणतं जाड ऑइल ओतलं असेल भरवसा नाही, म्हणून पुढचं १०,०००ऐवजी ५,०००वर. कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर याच फेरीत. एअर फिल्टरमधून गोव्याची लाल माती अक्षरशः झाडून काढावी लागते. मायलेज कंपनीच्या २३.२ला पोचत नाही. हायवेला १८-१९, शहरात १४-१५ मिळतात, म्हणजे खासगी हातातल्या स्विफ्टइतकेच.

पेट्रोल पंपाचा बारीक चिरका आवाज मागच्या सीटखालून येत असेल तर दुर्लक्ष करू नका. भाड्याची गाडी रिझर्व्हवर हातात मिळते आणि रिझर्व्हवरच परत जाते. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कायम रिकामी म्हणजे पंप कायम गरम. गाळणी साफ करून घ्या आणि टाकी किमान पाव भरलेली ठेवायची सवय लावा. सस्पेन्शनला लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड पहिल्या काही महिन्यांत बदलावे लागतात, खडखड स्पीडब्रेकरवर कमी आणि खराब रस्त्यावर हळू चालवताना जास्त येते. एसीचा कंडेन्सर खाऱ्या हवेने खाल्लेला असतो. त्याच्या पात्या बोटाने चुरल्या जात असतील तर गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

हिशेब मांडला तर क्लच, बुश, १६५/८० आर१४चे चार टायर, बॅटरी, किल्ली आणि पहिली सर्व्हिस मिळून ५० ते ६० हजार धरून चला, कर आणि आरटीओचा खर्च वेगळा. खासगी गाडीशी तफावत या सगळ्यापेक्षा ठळकपणे जास्त असेल तरच घेण्यात अर्थ आहे. दीड लाखाची तफावत असेल तर वर्षाला १२-१५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला आणि गाडी पाच-सात वर्षं ठेवणाऱ्याला ती परवडते. दोन वर्षांत विकायची असेल तर घेऊ नका, नोंदीत कॅबचा इतिहास राहतो आणि जुन्या गाड्यांचे मोठे व्यापारी तो बघून भाव पाडतात.

भाड्यातली ऑटोमॅटिक, विशेषतः एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं), टाळा. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच तिथेही जळतो आणि दुरुस्ती मॅन्युअलच्या कितीतरी पट. थारकडे तर बघूच नका, किनाऱ्यावर सर्वात जास्त तीच उतरते.